मानेवरची पट्टी

सराव परीक्षा चालू आहे. यॉन शी-उन नावाचा एक किडकिडीत, फिकट मुलगा पेपरवर वाकलाय. मागून एक हात येतो, त्याच्या मानेला लागतो आणि परत जातो. मानेवर एक छोटी पट्टी चिकटलेली राहते. फेंटानिलची. मॉर्फिनपेक्षा कैक पटींनी जहाल असं हे औषध कर्करोगाच्या रुग्णांना वेदना सोसवत नाहीत तेव्हा देतात. इथे ते वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाला लावलंय, कारण तो टवाळ पोरांकडे ढुंकूनही बघत नाही आणि ते त्यांना खुपतं. थोड्याच वेळात त्याला समोरची अक्षरं दिसेनाशी होतात. पापण्या जड होतात. तेव्हा हा मुलगा काय करतो, तर स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतो. एकदा, पुन्हा एकदा. पेपर पूर्ण व्हायला हवा.

‘वीक हीरो क्लास १’ या कोरियन मालिकेचा हा पहिलाच भाग. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती कोरियात ‘वेव्ह’ या तिथल्या ओटीटीवर आली, आठ भागांची. पुढे नेटफ्लिक्सने उचलली आणि जगभर पोचली. मूळ गोष्ट नेव्हर या कोरियन संकेतस्थळावरच्या एका वेबटूनची, म्हणजे मोबाइलवर खाली खाली सरकवत वाचायच्या चित्रकथेची. मारामारीच्या मालिका मी सहसा बघत नाही. हाडं मोडल्याचा आवाज आला की माझा हात आपोआप रिमोटकडे जातो. ही बघितली ती भाचीमुळे.

भाची सध्या माझ्याकडे पुण्यात असते. बारावीनंतर नीटमध्ये हवे तेवढे मार्क पडले नाहीत म्हणून ड्रॉप घेतलाय. सकाळी रिपीटर बॅच, दुपारी अभ्यासिका, रात्री जेवताना अर्धा तास मालिका. तो अर्धा तास तिचा हक्काचा आहे आणि त्यात काय बघायचं हे मी ठरवत नाही. थोबाडीचा तो प्रसंग आला तेव्हा मी चपापले. ती मात्र भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाली, “मावशी, हे सगळे करतात गं. आमच्याकडे एक जण चिमटे काढतो.”

नेहमीच्या सूडकथेत नायक कधी उठतो? अपमान झाला की, आईवरून शिवी दिली की, मैत्रिणीला हात लावला की. शी-उनला यातलं काही भिडत नाही. टोमणे, धक्के, बाकावर सांडलेलं पाणी असलं काहीही झालं तरी तो मान वर करत नाही. कानात इअरफोन, हातात पेन. तो उठतो ते पेपर बिघडवल्यावर. आणि उठतो तेव्हा त्याच्या हातात शस्त्र म्हणून येतात ती जाडजूड पुस्तकं आणि बॉलपेन. अंगात ताकद नाही, म्हणून समोरच्याचं वजन, वेग, अंतर या सगळ्याचा तो आधी मनात हिशेब मांडतो. भाचीची यावरची प्रतिक्रिया: “बघ, फिजिक्स शेवटी कामाला येतं.”

घरी त्याची वाट बघणारं कोणी नाही. आई-वडील विभक्त, दोघंही आपापल्या कामात. मुलगा पहिला येतोय म्हणजे त्याचं सगळं ठीक चाललंय, असं गृहीत धरलेलं. हे गृहीतक कोरियाचंच आहे असं समजायचं कारण नाही, पण कोरियाने ते ज्या टोकाला नेलंय ते जरा जवळून बघण्यासारखं आहे.

तिथे बारावीनंतर महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी एक देशव्यापी परीक्षा असते. सुनंग तिचं नाव. १९९३ पासून चालत आलेली, दर नोव्हेंबरमध्ये, बहुतेक वेळा गुरुवारी. पाच-साडेपाच लाख मुलं एकाच दिवशी सकाळी पावणेनऊच्या सुमारास बसतात ती दिवस मावळताना उठतात. त्या दिवशी शेअर बाजार एक तास उशिरा उघडतो, कचेऱ्या उशिरा भरतात, म्हणजे रस्ते मोकळे राहून मुलं वेळेत पोचतील. उशीर झालेल्यांना पोलीस मोटारसायकलवर घालून केंद्रावर सोडतात. दुपारी इंग्रजी ऐकण्याची चाचणी असते तेव्हा जवळपास ३५ मिनिटं देशभरात एकही विमान चढत नाही की उतरत नाही. वर घिरट्या घालत थांबतात. अंध विद्यार्थ्यांना जास्तीचा वेळ मिळतो, त्यामुळे त्यांची परीक्षा संपते तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजायला आलेले असतात.

हे सगळं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कौतुकच वाटलं होतं. किती जपतात मुलांना! आपल्याकडे परीक्षा केंद्राबाहेर लग्नाचा बँड वाजत असतो. नंतर मात्र त्या जपण्याची धास्ती वाटायला लागली. विमानं आकाशात थांबवली आहेत हे खाली बसलेल्या अठरा वर्षांच्या पोराला माहीत असतं. अख्ख्या देशाने माझ्यासाठी श्वास रोखलाय, आणि आता मला प्रश्न ऐकू आला नाही तर? हे ओझं घेऊन तो ऐकत असतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये पोहांग शहरात भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी सुनंग होती. सरकारने ती आदल्या संध्याकाळी आठवडाभर पुढे ढकलली. आता संपलंच म्हणून पुस्तकं फेकून दिलेली मुलं दुसऱ्या दिवशी रद्दीच्या ढिगात आपापली पुस्तकं शोधत होती. २०२३ मध्ये सोलच्या एका केंद्रावर पहिल्या पेपरची घंटा चुकून मिनिट-दीड मिनिट आधी वाजली. पेपर ओढून घेतले गेले. काही मुलं तिथेच रडायला लागली, पुढचे पेपर देऊ शकली नाहीत. पुढे विद्यार्थ्यांनी सरकारवर दावा लावला, प्रत्येकी दोन कोटी वॉन मागितले. २०२५ मध्ये न्यायालयाने दहा लाख ते तीस लाख वॉन भरपाई द्यायला सांगितलं. दीड मिनिटाची किंमत किती, यावर दोन देशांत मतभेद असू शकतात. नीट देणाऱ्याला विचाराल तर तो दावा लावणाऱ्यांच्या बाजूने उभा राहील.

पण मला सगळ्यात आवडलेली हकिगत याच्याही बरीच आधीची आहे. १९६४ सालची. त्या काळी सोलमध्ये माध्यमिक शाळेत जायलासुद्धा प्रवेश परीक्षा द्यावी लागे. म्हणजे बारा वर्षांची पोरं रात्र रात्र जागायची. त्या वर्षी एक प्रश्न आला: यॉत, म्हणजे तिकडची चिकट गोड चिक्की, करताना मोड आणलेल्या सातूऐवजी काय घातलं तर चालेल? अपेक्षित उत्तर होतं डायास्टेज, म्हणजे पिठूळ पदार्थाची साखर करणारं पाचक द्रव्य. पर्यायांमध्ये मुळ्याचा रसही होता. काही मुलांनी तो निवडला आणि एका गुणाने त्यांची नामांकित शाळा हुकली. मुळ्याच्या रसातही डायास्टेज असतं, असं पालकांचं म्हणणं. अधिकारी ऐकेनात. तेव्हा आयांनी काय करावं? घरी मुळे किसले, रस काढला, त्यात खरोखरची यॉत शिजवली आणि पातेली घेऊन शिक्षण खात्याच्या दारात गेल्या. घ्या, खाऊन बघा! प्रकरण न्यायालयात गेलं, निकाल पालकांच्या बाजूने लागला आणि १९६५ मध्ये ३८ मुलांना प्रवेश मिळाला.

या हकिगतीला मी आधी मनापासून हसले. मग लक्षात आलं की त्या आयांपैकी एकीनेही ‘बारा वर्षांच्या मुलाची परीक्षाच कशाला?’ असं विचारलं नव्हतं. भांडण होतं ते एका गुणाचं. गुण आमच्या पोराला मिळालाच पाहिजे.

सरकारलाच पुढे तो प्रश्न पडला. १९६९ मध्ये सोलमधली माध्यमिक शाळेची प्रवेश परीक्षा बंद झाली. मग सगळी चुरस उच्च माध्यमिकच्या दाराशी जमली. १९७४ पासून सोल आणि बुसानमध्ये तीही परीक्षा काढून चिठ्ठ्या टाकून शाळा द्यायला सुरुवात केली. चुरस विद्यापीठांच्या दाराशी गेली. १९८० मध्ये जनरल चुन दू-ह्वान यांच्या लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर सरसकट बंदीच घातली. श्रीमंतांनी लपूनछपून शिकवण्या लावल्या, दर वाढले. २००० साली घटनात्मक न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. आता सोलमध्ये नियम आहे की हागवॉन, म्हणजे तिथले क्लासेस, रात्री दहाला बंद झाले पाहिजेत. दहानंतर चालू असलेला क्लास पकडून दिला तर बक्षीस, अशीही योजना मध्यंतरी होती आणि काही लोकांनी त्यावर चांगली कमाई केली. २०२४ मध्ये कोरियन पालकांनी खासगी शिकवण्यांवर सुमारे २९ लाख कोटी वॉन घातले. दर पाच शाळकरी मुलांतली चार कुठली ना कुठली शिकवणी लावून होती. मुलं जन्मायचं प्रमाण मात्र जगात तळाला. एका मुलाचा खर्च झेपत नाही म्हणून दुसरं नको, आणि पुष्कळांना पहिलंही नको.

दहा वाजता क्लास बंद होतो तेव्हा देची-दोंग या सोलमधल्या क्लासेसच्या वस्तीत रस्त्यांवर मुलांना न्यायला आलेल्या गाड्यांच्या रांगा लागतात, असं वाचलं आणि मला संध्याकाळचा आमचा क्लासचा रस्ता आठवला. दुचाकीवर बसलेले बाप, हेल्मेट हातात, नजर दारावर. पण तुलना इथेच थांबवते. कोरियाची गोष्ट कोरियाचीच राहू द्यावी, कारण तिथल्या मारामारीच्या मालिकेत मला जे सापडलं ते तिथल्या गुणपद्धतीत दडलेलं आहे.

तिथे शाळेतले अंतर्गत गुण हे तुम्ही किती शिकलात यावर नसतात, तुमच्यामागे किती जण राहिले यावर असतात. आत्ताआत्तापर्यंत नऊ श्रेणी होत्या. पहिली श्रेणी फक्त वरच्या चार टक्क्यांना. शंभर मुलं विषय शिकत असतील तर चौघांनाच. पाचव्याने चौथ्याइतकंच लिहिलं तरी तो दुसऱ्या श्रेणीत. २०२५ पासून श्रेणी पाच केल्या आणि पहिली दहा टक्क्यांपर्यंत वाढवली. सैल झालं, सुटलं नाही. अशा वर्गात शेजारच्याला वही देणं म्हणजे काय असतं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आणि इथे बॉम-सॉक येतो. मालिकेतला तिसरा मुलगा, आणि माझ्या मते खरा विषय तोच आहे.

शी-उनला पहिला नंबर आहे. दुसरा मित्र आन सू-हो याच्याकडे ताकद आहे. तो मनात येईल त्याला लोळवू शकतो. ओ बॉम-सॉककडे यातलं काहीच नाही. आधीच्या शाळेत छळ सोसून इथे आलेला, कोणी जरा आवाज चढवला की दचकणारा. एका राजकारण्याने दत्तक घेतलेला मुलगा, आणि दत्तक घेतलंय ते फोटोत चांगलं दिसावं म्हणून. बंद दाराआड बाप त्याला मारतो. शी-उनच्या मानेवर ती पट्टी लावणारा हात याचाच असतो, गुंडांच्या धाकाने लावलेली. पुढे हे तिघं मित्र होतात. थोडे दिवस चांगले जातात: एकत्र खाणं, हसणं, उगाच भटकणं. मालिकेतले ते प्रसंग इतके मोकळे आहेत की आता काहीतरी वाईट होणार हे कळतंच.

वाईट सुरू होतं ते इन्स्टाग्रामवरून. बॉम-सॉक सू-होला फॉलो करतो, सू-हो त्याला उलट फॉलो करत नाही. मुद्दाम नव्हे. सू-होच्या ते खिजगणतीतही नाही, तो ते ॲप फारसं उघडतही नसावा. पण बॉम-सॉक पुन्हा पुन्हा फोन काढून बघतो. कॅमेरा त्या स्क्रीनवर थांबतो, मग त्याच्या चेहऱ्यावर. होंग क्यॉंग या नटाने इथे कमाल केलीय: चेहरा जवळजवळ कोराच, फक्त घास गिळावा तसं काहीतरी गिळतो. सू-हो दुसऱ्या कोणाला फॉलो करतो. शी-उनशी जरा जास्त हसतो. बॉम-सॉक मनात नोंद करत जातो.

मला हा प्रसंग पोरकट नाही वाटला. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत आपण कितवे हे ज्याला सांगितलं गेलंय, त्याला मैत्रीतही तेच कळणार ना! तीन मित्रांत मी कितवा? अभ्यासात नाही, ताकदीत नाही, निदान इथे तरी वरचा नंबर हवा. आणि तिसराच लागला. यानंतर त्याच्याकडे एकच गोष्ट उरते, बापाचा पैसा. त्या पैशावर तो मारेकरी पोसतो. सू-होला मारून मारून कोमात पाठवलं जातं ते त्या खर्चाने.

मारामारीच्या मालिका बघताना आपण समजतो की हे अभ्यासाच्या जगाच्या उलट टोकाचं जग आहे. इकडे पुस्तकातले किडे, तिकडे गुंड. पण ही पोरं कशासाठी मारतात? शाळेत एक नंबर कोण, शेजारच्या शाळेत कोण, त्या दोघांत कोण भारी. दुसऱ्या सीझनमध्ये तर गुंडांची संघटनाच आहे, तालुक्यातल्या शाळा जिंकत जाणारी, आणि तिचा म्होरक्या ना बेक-जिन हा अभ्यासातही अव्वल. तीच गुणवत्ता यादी, फक्त विषय बदललेला. शाळेने शिकवलेलं या पोरांना व्यवस्थित समजलंय.

ही मालिका ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते हान जुन-ही ‘डी. पी.’चे दिग्दर्शक. ती मालिका सक्तीच्या लष्करी सेवेतून पळून जाणाऱ्या तरुणांवर होती, बराकीत वरिष्ठांकडून होणाऱ्या छळावर. ‘वीक हीरो’ लिहिली आणि दिग्दर्शित केली यू सू-मिन यांनी, पण दोन्हींत धागा एक आहे. शाळेतून सुटलेला मुलगा जातो बराकीत. तिथेही कोणीतरी आधी भरती झालेला, म्हणून वरचा.

आणि सरकारने या शाळकरी हिंसेवर उपाय काय काढला? तिथे तिला हाकपोक म्हणतात आणि तिच्याविरुद्ध २००४ पासून स्वतंत्र कायदा आहे. २०११ च्या डिसेंबरात देगू शहरात छळाला कंटाळून एका शाळकरी मुलाने जीव दिला. त्याने मागे ठेवलेली चिठ्ठी देशभर वाचली गेली, लोक हादरले. २०१२ पासून छळ करणाऱ्याची नोंद त्याच्या शाळेच्या दप्तरी करायचं ठरलं. मग २०२३ मध्ये पोलिसांच्या राष्ट्रीय तपास कार्यालयाच्या प्रमुखपदी एका माजी सरकारी वकिलाची नेमणूक झाली आणि एका दिवसात ती गुंडाळावी लागली. त्यांच्या मुलाने शाळेत सहाध्यायाचा छळ केला होता. शाळा बदलण्याची शिक्षा झाली तेव्हा वडिलांनी ती थांबवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले लढवले होते. आणि तो मुलगा दरम्यान सोल राष्ट्रीय विद्यापीठात, म्हणजे पहिल्या नंबरच्या विद्यापीठात, सुनंगच्या गुणांवर दाखल झाला होता. लोक खवळले. सरकारने जाहीर केलं की २०२६ च्या प्रवेशांपासून सगळ्या विद्यापीठांनी, सगळ्या मार्गांच्या प्रवेशात, ही नोंद धरलीच पाहिजे. छळ केलात तर गुण कापले जातील.

मला हे योग्यही वाटतं आणि अंगावरही येतं. योग्य, कारण याशिवाय त्या पोरांच्या आई-बापांना दुसरं काही समजणार नाही. अंगावर येतं, कारण ‘तू त्या मुलाला दुखावलंस’ हे सांगायलासुद्धा आता गुणांचीच भाषा उरली आहे. नोंद पुसून काढायला, लांबवायला वकील आहेतच. ज्याचा बाप वकील करू शकतो त्याची नोंद उशिरा होते.

आपण यापेक्षा वेगळे आहोत असं म्हणायची सोय नाही. राजस्थानातल्या कोटा या क्लासेसच्या शहरात २०२३ मध्ये मुलांच्या आत्महत्या वाढल्या तेव्हा प्रशासनाने आदेश काढला: वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग लावा, म्हणजे वजन आलं की पंखा खाली येईल. हेतू वाईट नव्हता, जीव वाचवायचेच होते. पण अडचण कशात आहे असं विचारल्यावर व्यवस्थेची नजर छताकडे गेली. आमच्या महाराष्ट्रात बोर्डाने गुणवत्ता यादी छापणं बंद केलं, तर क्लासवाल्यांनी ती चौकाचौकात फ्लेक्सवर लावली, फोटोसकट.

भाचीची फिजिक्सची वही एकदा हाताशी होती म्हणून चाळली. डाव्या समासात तिने प्रत्येक टेस्टचे मार्क पेन्सिलने लिहिलेत, ७२० पैकी, बारीक अक्षरात. तारखा नाहीत. एका ठिकाणी आकडा खोडलाय. नुसता खोडला नाही, खोडरबराने इतका घासलाय की कागद पातळ होऊन मागच्या पानावरचं सूत्र दिसतं. मी वही मिटून होती तिथे ठेवली. त्या आकड्याबद्दल तिला विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

मालिकेत खोटं काय आहे? बरंच. शी-उनसारख्या अंगकाठीच्या मुलाचं दुसऱ्याच भागात कंबरडं मोडलं असतं. रक्ताळलेली पोरं पुढच्या दिवशी वर्गात हजर, आणि मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे. मास्तरांचं ते उभं राहणं मात्र खोटं नसावं. शिवाय दुसरा सीझन मला तितका नाही भावला. एप्रिल २०२५ मध्ये आला, नेटफ्लिक्सवरच, पुन्हा आठ भाग. मारामाऱ्या मोठ्या झाल्या, टोळ्या मोठ्या झाल्या, पेन आणि पुस्तक मागे पडलं. पहिल्या सीझनमध्ये प्रत्येक ठोशाच्या मागे एक चेहरा होता, इथे गर्दी आहे. त्यापेक्षा २०२५ च्या जानेवारीत आलेली ‘स्टडी ग्रुप’ मला जास्त गमतीची वाटली. तिच्यातला युन गा-मिन नेमका उलटा: मारामारीत कोणाला हार न जाणारा, पण त्याला मनापासून अभ्यास करायचाय आणि अभ्यास काही केल्या डोक्यात शिरत नाही. शाळा तांत्रिक विद्यालय, गुंडांनी भरलेली. तो तिथे अभ्यासाचा गट काढतो आणि गटातल्या मुलांनी निवांत बसून वाचावं म्हणून येईल त्याला झोडतो. आचरटपणा आहे, पण त्यातला विनोद बोचरा आहे.

पुन्हा पहिल्या सीझनकडे येते. सू-हो कोमात गेल्यावर शी-उन सूड घ्यायला निघतो. एकेकाला गाठतो. शेवटी बॉम-सॉक समोर येतो आणि तिथे त्याचा हात चालत नाही. सगळे हिशेब येणाऱ्या मुलाला हा एक हिशेब पुरा करता येत नाही. त्याला समोर मित्र दिसतो. एवढ्या मारामारीनंतर न मारलेला तो एक ठोसा या मालिकेतला सर्वांत अवघड प्रसंग आहे, आणि पार्क जी-हूनने तो ज्या तऱ्हेने केलाय त्यासाठी बाकीचे सात भाग माफ. हा मुलगा आधी एका प्रसिद्ध गायक-नर्तक बँडमध्ये होता, चॉकलेटी चेहऱ्याचा, हे खरं वाटत नाही.

त्यानंतर बॉम-सॉकची रवानगी परदेशी होते, बापाच्या सोयीने. शाळा सोडावी लागते ती शी-उनला. तो जातो उनजांग नावाच्या कुप्रसिद्ध शाळेत.

आणि सू-हो? त्याच्याबद्दल मी मुद्दाम फार लिहिलं नाही, कारण या सगळ्यात तो एकटाच यादीबाहेरचा आहे. आजीसोबत राहतो, संध्याकाळी कामं करतो, त्यामुळे दिवसभर वर्गात बाकावर डोकं टेकून झोपतो. त्याला कितवाही नंबर नकोय. शाळेचा दाखला हातात पडावा अशी आजीची इच्छा, तेवढ्यासाठी हजेरी भरायची. भांडण झालं तर जिंकतो, पण जिंकल्याचं त्याला काही नसतं. भूक लागलेली असते. आमच्या घरात तो सगळ्यांचा लाडका. लेखकांनी नेमका त्यालाच पलंगावर झोपवला, याचा मला राग आहे.

दुसऱ्या सीझनच्या अगदी शेवटी तो शुद्धीवर येतो. चाकाच्या खुर्चीत बसलेला, वाळलेला, आणि शी-उन त्याच्यासमोर. माझे डोळे भरून आले होते, ते लपवायला मी ताटं उचलायला लागले. भाची स्क्रीनकडे बघत काहीतरी मोजत होती.

“मावशी, याची तर हजेरीच भरली नाही ना,” ती म्हणाली. “बरोबरचे सगळे पुढे गेले. म्हणजे हासुद्धा रिपीटर.”

“आजीला चालेल,” मी म्हटलं.

“आजीला चालेल गं. त्याच्या बॅचला कोण कोण असेल, ते बघ.” आणि ती उद्याच्या टेस्टचा सिलॅबस बघायला आत गेली.